स्वेटर घरच्यांचा, विणणं माझं

हातानं विणलेल्या स्वेटरबद्दल आपल्याकडे दोनच वाक्यं बोलली जातात. एक, ‘आईच्या हातच्या स्वेटरची ऊब काही वेगळीच.’ दुसरं, ‘बाजारात इतके स्वस्त मिळतात, कशाला डोळे फोडून घेता?’ पहिलं चारचौघांत बोलायचं, दुसरं घरात. बोलणारी व्यक्ती पुष्कळदा एकच असते. मी शाळेत होते तेव्हापासून विणते आहे, आता सत्तरी दूर नाही. माझं मत असं की ही दोन्ही वाक्यं विणणाऱ्या बाईला वगळून बोललेली आहेत. पहिल्यात तिची मुलं आहेत, दुसऱ्यात तिच्या वेळेचा हिशेब आहे. तिला स्वतःला त्यात काय मिळतं, हे कुणाच्या मनातही येत नाही. तिला मजा येते, एवढंच. पण नुसती मजा येते म्हणून एखादी गोष्ट करत बसायची मुभा आपल्याकडच्या बायकांनी अजून पुरती घेतलेली नाही. म्हणून स्वेटरला सतत कुठलं तरी कारण चिकटवावं लागतं.

पैशांचं कारण आधी पाहू. मोठ्या माणसाच्या पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला साधारण अर्धा किलो लोकर लागते. मध्यम जाडीची लोकर आणि नऊ-दहा नंबरच्या सुया धरल्या, तर पाठ, पुढा आणि दोन बाह्या मिळून पन्नास हजारांच्या आसपास टाके होतात. मिनिटाला पंचवीस टाके विणणारा हात बरा म्हणायचा. त्या वेगानं नुसते टाकेच तेहेतीस तासांचे झाले. मुंढे घटवणं, गळ्याचे टाके उचलणं, बाजू शिवणं आणि मधे कुठेतरी चुकलं म्हणून दहा ओळी उसवणं धरलं, की चाळीस तासांच्या खाली काही उरकत नाही. या तासांना साध्यात साधा मजुरीचा दर लावा. थंडीच्या तोंडावर नाशकात येणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडे मिळणाऱ्या लुधियानाच्या स्वेटरपुढे माझा स्वेटर कितीतरी पट महाग निघेल. विल्यम ली नावाच्या इंग्रज माणसानं पायमोजे विणायचं यंत्र १५८९ मध्ये केलं. म्हणजे बचतीचं कारण डळमळायला लागलं त्याला चारशेहून जास्त वर्षं झाली.

माझ्या आईच्या काळी मात्र हा हिशेब खरा होता. तेव्हा तयार स्वेटर ही चैन होती आणि लोकरीचं आयुष्य स्वेटरपेक्षा मोठं असायचं. वडिलांचा स्वेटर कोपरांना विरला की आई तो उसवायची. उसवलेली लोकर कुरळी निघते. तिची लडी बांधायची, धुवायची, किटलीच्या वाफेवर धरून सरळ करायची आणि वाळली की गुंडा करायचा. त्या लोकरीचा भावाला बिनबाह्यांचा स्वेटर होई, तो आखूड झाला की कानटोपी, आणि उरलेल्या तुकड्यांचे रंगीबेरंगी चौकोन जोडून पायांवर घ्यायला शाल. विणलेलं कापड एकाच सलग धाग्याच्या फासांचं असतं, टोक सापडलं की सगळा स्वेटर पुन्हा धागा होतो, म्हणून हे जमायचं. आईला ते करावंच लागे. मला करावं लागत नाही. सक्ती गेली हे उत्तमच झालं. कारण सक्ती गेल्यावरसुद्धा ज्या विणत राहिल्या, त्या कशासाठी विणत होत्या हे तरी लख्ख दिसलं.

मला ते डोंबिवलीत दिसलं. माझी नोकरी मुंबईत होती. सकाळची लोकल, बायकांचा डबा, आणि बसायला मिळालं तर व्ही. टी. येईपर्यंत तास-सव्वा तास. त्या डब्यात कुणी मटार सोलायचं, कुणी मेथी निवडायचं, कुणी स्तोत्र पुटपुटायचं, आणि आम्ही चार-पाच जणी विणायचो. चौथ्या सीटवर अर्धवट टेकूनही विणता येतं. कोपरं अंगाशी धरायची आणि सुया आखूड घ्यायच्या, एवढीच अट. ठाण्याला चढणाऱ्या एका बाईंनी वेणीची वीण मला मुलुंड ते घाटकोपर एवढ्या अंतरात शिकवली. तीन टाके जादा सुईवर घेऊन पुढे सोडायचे, मागचे तीन आधी विणायचे, मग सोडलेले तीन. घाटकोपरला त्यांच्या शेजारी उभ्या राहिलेल्या मुलीनं माझी पहिली वेणी पाहून ‘उलट्या बाजूला वळलीय’ म्हणून सांगितलं, तिला स्वतःला शिकायचं नव्हतं तरी.

आता विचार करा, हे मुंबईत चाललं होतं. जिथे जानेवारीत रात्री पंखा बंद करावा लागला की त्याला थंडी म्हणतात. सांताक्रूझच्या वेधशाळेतलं नीचांकी तापमान ७.४ अंश, तेही २२ जानेवारी १९६२चं. अशा शहरात घामानं चिकट झालेल्या बोटांनी आम्ही बायका बाराही महिने लोकर विणत होतो. गरज हे कारण असतं, तर आम्ही हातपंखे विणले असते.

पैशांचं कारण टिकत नाही म्हटल्यावर लोक मायेकडे वळतात. इथे जरा जपून बोलायला हवं, कारण मायेविरुद्ध बोलणारी आजी कुणालाच आवडत नाही. बाळंतविड्याचं घ्या. टोपडं, झबली, दुपटं, कुंची यांच्यासोबत हातचा स्वेटर आणि मोजे हवेतच, आणि ते पाहून जमलेल्या सगळ्या ‘किती मायेनं केलंय’ म्हणतात. बाळाला माया कळत नाही, टोचणं कळतं. म्हणून बाळाच्या कपड्याला मी लोकर आधी गळ्याला घासून बघते, शिवण बाहेरच्या बाजूला येईल असं विणते आणि बटणं लावतच नाही, नाड्या लावते. ही माया नव्हे, हे कौशल्य आहे, आणि कौशल्याला मायेचं नाव दिलं की ते शिकावं लागतं हेच लोक विसरतात. आई झाली म्हणजे हात आपोआप चालायला लागतात असं नाही.

मायेची गोष्ट विकलीही जाते. आयर्लंडच्या पश्चिमेला अरन बेटं आहेत. तिथल्या स्वेटरांवरच्या वेण्या आणि चौकट्या प्रत्येक घराण्याच्या वेगळ्या असत आणि समुद्रात बुडालेल्या माणसाची ओळख त्याच्या घराण्याच्या विणीवरून पटत असे, अशी कथा फार पसरलेली आहे. घराण्यांच्या विणीला आधार नाही. बहुधा ती कथा एका नाटकातून वाढली. जॉन मिलिंग्टन सिंग यांचं ‘रायडर्स टु द सी’ १९०४ मध्ये रंगभूमीवर आलं. त्यात दूर वाहून गेलेल्या भावाची ओळख बहिणीला पटते ती त्याच्या पायमोज्यावरून. मोजा तिनंच विणलेला असतो, साठ टाके घातलेले आणि त्यातले चार सुटलेले तिला आठवतात. या सुटलेल्या चार टाक्यांचं पुढे घराण्याचं चिन्ह झालं आणि ते स्वेटर खपवायला कामी आलं. मला ती नाटकातली बहीण मात्र पटते. भावासाठी ती कोसळते, पण त्याआधी टाके मोजते. विणणाऱ्या बाईची माया असलीच तर अशी, आकड्यात पक्की असते.

निवृत्तीनंतर आम्ही नाशिकला आलो. मुंबईला जायचं झालं की मी पंचवटी एक्स्प्रेस धरते आणि इगतपुरी यायच्या आत सुया काढते. शेजारी बसलेल्या व्यक्तीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. ‘कुणासाठी विणताय?’ समोर एक गृहस्थ पेपरातलं शब्दकोडं सोडवत असतात. खिडकीशी एक मुलगा मोबाइलवर जुनी मॅच बघत असतो. पलीकडे चार पासधारक मांडीवर रुमाल पसरून पत्ते कुटत असतात. त्यांना कुणी विचारत नाही, ‘कुणासाठी खेळताय?’ शब्दकोड्यानं कुणाचं भलं व्हावं अशी अपेक्षा नसते. माझ्या हातातल्या सुयांनी मात्र कुणाचं तरी भलं झालंच पाहिजे.

‘माझ्यासाठीच’ असं उत्तर दिलं की समोरचा चेहरा किंचित गोंधळतो. ‘नातवासाठी’ म्हटलं की खुलतो, आणि पुढचे सगळे प्रश्न नातवाचे असतात. कितवीत आहे, कुठे असतो, कुणावर गेलाय. विणीचा विषय तिथेच मिटतो. दोन्ही उत्तरं खरी असतात, कारण स्वेटर नातवाचाच असतो आणि विणणं माझंच असतं. पण पहिल्या उत्तरात बाई रिकामटेकडी ठरते आणि दुसऱ्यात ती आदर्श आजी होते. पुरुषाचा छंद हा छंद असतो. बाईचा छंद कुणाच्या तरी उपयोगी पडला तरच त्याला घरात जागा मिळते. भरतकाम उशीच्या अभ्र्याला, पाककला पाहुण्यांना, गाणं देवापुढे. आपल्या आयाआज्यांनी हुशारीनं आपल्या सगळ्या आवडी अशा सेवेच्या पिशवीत घालून घरात आणल्या. त्यांच्या काळात दुसरा रस्ता नव्हता. आम्हाला पेन्शन आहे, पास आहे, स्वतःचं मत आहे. आता ती पिशवी कशाला?

मग मी घरच्यांसाठी विणते का? तर विणलेल्या गोष्टीला अंग लागतं, आणि माझ्याकडे अंग एकच आहे. माझ्या अंगावर किती चढवणार? घरचे बरे पडतात. मापं हाताशी असतात, आणि त्यांना नको म्हणायला जड जातं.

त्यात एक वेगळाच लाभ होतो. माणसाचं माप घेताना तो पहिल्यांदा नीट दिसतो. माझे सासरे, मामंजी, सिन्नरकडे पोस्टमन होते. सगळी नोकरी त्यांनी टपालाची पिशवी एकाच खांद्याला अडकवून केली. त्यांचा तो खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर उतरलेला होता. घरात कुणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं, सासूबाईंच्यासुद्धा नाही. मुंढे घटवायला घेतले तेव्हा मला ते कळलं, आणि त्या बाजूला मी दोन ओळी कमी विणल्या. स्वेटर सरळ बसला. मामंजी आरशासमोर उभे राहून म्हणाले, ‘हा नीट झाला गं, बाकीचे शिंपी बिघडवतात.’ अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन या विणकाम शिकवणाऱ्या बाईंनी छातीच्या टाक्यांवरून मनगट, बाही, गळा यांची टक्केवारी बसवून दिली आहे, आणि जगभरच्या विणणाऱ्या ती वापरतात. मीही वापरते. पण टक्केवारीला पोस्टमनचा खांदा माहीत नसतो.

माझे जे स्वेटर खरोखर राबतात, ते निफाडला. धाकटी बहीण तिकडे दिली आहे, द्राक्षबागायतदारांकडे. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा पाच-सहा अंशांवर आला की मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करतात, ठिबकचं पाणी सोडतात. तिच्या यजमानांच्या स्वेटरला धुराचा वास असतो, फवारणीचे डाग असतात, कोपराला भोक असतं. ते पाहून मला आनंद होतो आणि भोक रफू करायला निमित्तही मिळतं. याउलट टोरांटोच्या लेकीला दिलेला, रेशमी वेण्यांचा, माझ्या मते सगळ्यात सुरेख उतरलेला स्वेटर कपाटातच असतो. तिकडे घरात गरम हवा खेळवलेली आणि बाहेर पडताना अंगावर जाडजूड जाकीट, मधे माझा स्वेटर घातला की ती घामाघूम होते. ‘आई, इथल्या थंडीत तुझा स्वेटर गरम होतो गं’, असं तिनं फोनवर सांगितलं, आणि आम्ही दोघी बराच वेळ हसलो.

इथे माझा एक नियम आहे आणि तो विणणाऱ्या प्रत्येकीनं पाळावा असं मला वाटतं. स्वेटर दिला की संपलं. ‘घातलास का?’ विचारायचं नाही. लग्नाच्या फोटोत शोधायचा नाही. जिला विणतानाच पुरेपूर मिळालं, तिला पुढे वसुली करायची गरज पडत नाही. जी केवळ त्यागापोटी विणते, ती मात्र दर हिवाळ्याला व्याज मागते. घरच्यांना जड होतं ते हे व्याज. तेव्हा विणण्यातली मजा मोकळेपणानं कबूल करण्यात घरच्यांचंही हितच आहे.

सेवा म्हणून केलेल्या विणकामातही मजा वेगळी काढता येते, हे मी आईकडून ऐकलं. १९६२ मध्ये चीननं आक्रमण केलं तेव्हा देशभर बायका जवानांसाठी स्वेटर, मोजे, मफलर विणत होत्या. आमच्या आळीतही दुपारी ओट्यावर बायका जमायच्या. मापं एकसारखी, रंग एकच, विणीत कसलीही नक्षी नाही. त्या दिवसांबद्दल आई बोलायची तेव्हा युद्धाबद्दल दोन वाक्यं असायची आणि बाकी सगळं ओट्याबद्दल. कुणाची ओढ घट्ट, कुणाची सैल. एकीनं विणलेल्या स्वेटरात दोन जवान मावले असते, दुसरीच्यात पोरगंही शिरलं नसतं. सासवांनी ज्यांना कधी दुपारी घराबाहेर पडू दिलं नव्हतं, त्या सुनाही देशासाठी म्हणून ओट्यावर आल्या होत्या. कर्तव्य त्यांनी चोख केलं. पण आयुष्यभर लक्षात राहिली ती एकत्र घालवलेली दुपार, आणि त्याबद्दल त्यांना कुणी बोल लावू नये.

अलीकडे एक तिसरं कारण निघालं आहे, तब्येतीचं. विणकामानं रक्तदाब उतरतो, स्मरणशक्ती टिकते, मन शांत होतं, असे निरोप मला मैत्रिणी रोज पहाटे पाठवतात. असेलही तसं. पण आमच्या वयाच्या माणसांच्या वाट्याला आलेली प्रत्येक गोष्ट औषध करून ठेवायची ही काय सवय? चालायचं ते गुडघ्यांसाठी, हसायचं ते क्लबात जाऊन फुप्फुसांसाठी, नातवंडांशी खेळायचं ते एकटेपणावर उपाय म्हणून. विणून माझं मन शांत होतंच असं नाही. साबुदाण्याच्या विणीत एका ओळीचा सुलट-उलट क्रम चुकला आणि ते आठ ओळींनी लक्षात आलं, तर माझा रक्तदाब मोजायला येऊ नका. ती ओळ शोधायची, तेवढ्याच टाक्यांची शिडी खाली सोडायची, क्रोशाच्या सुईनं एकेक फास वर चढवत आणायचा. ते साधलं की जे वाटतं ते शांती नव्हे. तो विजय असतो.

प्रवासात हे सगळं आणखी खुलतं. प्रवासाचं विणकाम वेगळं निवडावं लागतं. नक्षी घरी ठेवायची, गाडीत साधी वीण घ्यायची. सरळ दोन सुयांपेक्षा मधे तार असलेली गोल सुई बरी, बर्थखाली घरंगळत जात नाही. लोकर एकाच रंगाची, गुंडा आतून ओढता येईल असा, आणि तो लहानशा कापडी पिशवीत, म्हणजे चहावाल्याच्या पायात जात नाही. एवढं केलं की डोळे मोकळे राहतात. मोबाइल हात आणि डोळे दोन्ही मागतो, पुस्तकसुद्धा डोळे मागतं. साध्या विणीला बोटं पुरतात. पावसाळ्यात इगतपुरी ते कसारा उतरताना दोन्ही बाजूंना कड्यांवरून पाणी कोसळत असतं, आणि डब्यात निम्मी माणसं खाली मान घालून दुसऱ्या कुणाच्या तरी सहलीचे फोटो बघत असतात. मी सत्तर-ऐंशी टाक्यांची ओळ विणते आणि धबधबे बघते. घाट उतरला की मनगटापासून बोटभर बाही झालेली असते. पुढे कधीही ती बाही पाहिली की मला तो घाट आठवतो. कुठल्या ओळीला कुठला बोगदा, इतकं नाही सांगता येत. पण बाही पावसातली की उन्हातली, हे सांगता येतं.

कालका ते सिमला ही छोटी गाडी मी यासाठीच धरली. १९०३ मध्ये सुरू झालेला हा ९६ किलोमीटरचा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, आणि गाडी इतक्या सावकाश चढते की प्रवास पाच तासांच्या वर जातो. नवऱ्यानं ‘टॅक्सीनं लवकर पोचू’ असं सुचवून पाहिलं. लवकर पोचून तिथे काय करायचं, हे त्याला सांगता आलं नाही. मार्गावर शंभरावर बोगदे आहेत. त्यातला बडोगचा सगळ्यात लांब, एक किलोमीटरहून जास्त. आत शिरल्यावर डब्यात अंधारून आलं, पोरांनी आरोळ्या ठोकल्या, आणि समोर बसलेल्या हिमाचली बाईंच्या सुया काही थांबल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्याही चालू होत्या. त्यांचं हिंदी मला अर्धं कळत होतं, माझं त्यांना पाव. पण त्यांनी माझ्या पिशवीतल्या बाहीचं कापड उलट करून मागची बाजू बघितली. विणणाऱ्या बाईनं मागची बाजू बघितली की ओळख पटली असं समजावं. पुढे सोलन येईपर्यंत त्यांनी मला मोज्याची टाच वळवायची त्यांची रीत दाखवली. नातेवाईक, पगार, मुलांची लग्नं, यातलं काहीही विचारलं नाही.

रोजच्या जगण्यात तर याहून साधं असतं. नाशकात डिसेंबरात दुपारी दोन वाजता आमच्या गच्चीच्या पश्चिम कठड्याशी ऊन येतं. जेवणं झालेली, भांडी घासून पालथी घातलेली, रेडिओवर विविध भारती. त्या वेळेला मी कुणाचीही कुणी नसते. चार ओळी होतात, कधी चाळीस. कुणी आलं तर सुई टोकावर आणून ठेवायची, गेलं की पुढे विणायचं. जे काम कुठेही थांबवता येतं आणि कुठूनही पुढे नेता येतं, ते संसारी बाईच्या दिवसात बसतं. हे काम बायकांकडे टिकून राहिलं याचं मला तरी हेच कारण दिसतं.

मात्र ही सगळी मजा पोट भरलेल्या माणसाची आहे, हेही लिहायला हवं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवरच्या बायकांचे जुने फोटो आहेत. पाठीवर जळणाची टोपली, पायवाट चढणीची, आणि हातात चालू असलेलं विणकाम. लोकांना त्यात काव्य दिसतं. त्या बायकांना विणीचा मोबदला पुष्कळदा रोख मिळतच नसे. व्यापारी त्या बदल्यात दुकानातला माल देत. आपल्याकडेही बचत गटातून, घरगुती ऑर्डरीतून विणणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांच्याशी घासाघीस करताना लोक हेच मायेचं वाक्य वापरतात. ‘तुम्ही काय, टीव्ही बघता बघता विणता.’ टीव्ही बघता बघता विणलं तरी तास चाळीसच लागतात. मला ओळखीतल्या कुणी ‘लोकर मी आणून देते, मला पण एक करून दे ना’ म्हटलं, तर मी सुया आणि टाके घालून देते, पहिली ओळ विणून दाखवते, आणि पुढचं त्यांना करायला सांगते. ज्यांना स्वेटर हवा असतो त्या परत येत नाहीत. ज्यांना विणायचं असतं त्या दुसऱ्या दिवशी दुपारी हजर असतात.

शेवटची गोष्ट पुरुषांची. हे काम बायकी आहे असं म्हणणाऱ्यांनी जरा लोकरीच्या मागे जावं. पेरू देशात टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर सुया पुरुषांच्या हातात असतात, मुलगे लहानपणीच टोपी विणायला शिकतात. त्या बेटाच्या वस्त्रकलेला युनेस्कोनं २००५ मध्ये गौरवलं. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ कळपामागे चालताना तकलीवर लोकर कातत जातात. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? दख्खनी मेंढ्यांची लोकर कातरणारे धनगर, चिंचोक्याची खळ लावून मागावर घोंगडी विणणारे सनगर, यांत पुरुषांचेच हात जास्त दिसतात. ती लोकर राठ, तिचा स्वेटर होत नाही. पण लोकरीला हात लावल्यानं महाराष्ट्रातल्या पुरुषाचं काही बिघडल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या शाळेत मुलींना विणकाम आणि मुलांना सुतारकाम अशी वाटणी होती. मला रंधा चालवायला आवडलं असतं, आणि वर्गातल्या निदान दोन मुलांना माझ्या सुया हातात घ्यायच्या होत्या हे मला पक्कं आठवतं. आता कार्यानुभवाच्या तासाला मुलामुलींना एकत्र बसवून वीस टाके घालायला शिकवावं, मोजायला, चुकलं तर उसवायला आणि पुन्हा घालायला. माझा नातू सध्या स्वतःचा मफलर विणतो आहे. एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद, मधे दोन भोकं. त्याच्या मित्रानं त्याला विचारलं, ‘आजीला देणार का?’ तो म्हणाला, ‘नाही, माझा आहे.’ माझ्या पिढीतल्या एकाही मुलीनं हे उत्तर इतक्या सहज दिलं नसतं.

तेव्हा माझी मागणी अगदी छोटी आहे. पुढच्या वेळी गाडीत, बागेत, दवाखान्याच्या बाकावर कुणी विणताना दिसलं, तर कुणासाठी ते विचारू नका. ‘कोणती वीण आहे?’ असं विचारा. उत्तर जरा लांबेल, सुया किती नंबरच्या तेही सांगितलं जाईल, कापड उलटंपालटं करून दाखवलं जाईल. कसारा ते कल्याण सहज निघून जाईल.